निळं, हिरवं, काळं: पहिल्या प्लेस्टेशनची डेव्हलपर यंत्रं घेण्याआधी

जुन्या गेमिंग यंत्रांच्या लिलावात ‘अतिदुर्मीळ प्रोटोटाइप’ अशा मथळ्याखाली निळं प्लेस्टेशन दिसलं, तर आधी तळाच्या लेबलाचा फोटो मागावा. लेबलावर डीटीएल-एच१०००, १००१, १००२ किंवा एच११०० च्या घरातला नंबर असेल, तर ते सोनीचं डीबगिंग स्टेशन. कारखान्यात रीतसर बनलेलं आणि लायसन्स असलेल्या स्टुडिओंना दिलेलं यंत्र. वस्तू चांगली, पण प्रोटोटाइप नव्हे. लेबल एससीपीएच नंबरचं असेल, तर ते दुकानात मिळणारं साधं प्लेस्टेशन. निळा रंग नंतर कुणीतरी चढवलाय. आणि लेबलच नसेल, तर भाव साध्या प्लेस्टेशनचा लावायचा आणि पुढची तपासणी आतून करायची.

इथे तीन यंत्रांबद्दल लिहिलंय: निळं डीबगिंग स्टेशन, हिरवं डीबगिंग स्टेशन (एच१२००, १२०१, १२०२) आणि हौशी प्रोग्रामरांसाठीचं काळं नेट यारोझे (एच३०००, ३००१, ३००२). शेवटी पीसीत बसणाऱ्या एच२००० कार्डांबद्दल थोडं. निकाल आधीच सांगून टाकतो. रोज वापरायला हिरवं घ्या. कपाटात ठेवायला नेट यारोझे घ्या, पण पूर्ण संच असेल तरच. निळं फक्त भाव उतरला असेल तर. कार्डं मात्र घरात आयएसए स्लॉटवाला (जुन्या तऱ्हेच्या कार्डांची लांब खाच असलेला) जुना पीसी चालू स्थितीत असेल तरच.

प्रोटोटाइप कशाला म्हणायचं

डेव्हलपमेंट किट म्हणजे ज्यावर गेम लिहायचा आणि तपासायचा ते यंत्र. त्यात मेमरी जास्त असते, पीसीशी जोड असते. डीबगिंग स्टेशन म्हणजे ग्राहकाच्या यंत्रासारखंच यंत्र, फक्त घरी जाळलेली, म्हणजे पीसीच्या रायटरवर लिहिलेली, सीडी चालवणारं. प्रोटोटाइप म्हणजे उत्पादन सुरू होण्याआधी चाचणीसाठी हातावर मोजता येतील इतकीच बनवलेली यंत्रं. पहिल्या दोघांना छापील लेबल, मॉडेल नंबर, मॅन्युअल असतं. तिसऱ्याच्या बोर्डावर बहुधा हाताने ओढलेल्या तारा, सॉकेटात बसवलेली काचेच्या खिडकीची ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारा मेमरी चिप) आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसते.

खरा प्रोटोटाइप पाहायचा असेल तर निन्टेंडो आणि सोनीच्या मोडलेल्या भागीदारीतलं, निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम यंत्राची कार्ट्रिज आणि सीडी दोन्ही घेणारं ते यंत्र आठवा. ते मार्च २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ३,६०,००० डॉलरला गेलं. त्या विक्रीची बातमी झाल्यापासून प्रत्येक निळ्या प्लेस्टेशनच्या मथळ्यात ‘प्रोटोटाइप’ शब्द घुसलाय, आणि किमतीही त्याच आशेने लावल्या जातात.

‘पीएस-एक्स’ या नावाचाही असाच वापर होतो. हे प्लेस्टेशनचं अंतर्गत नाव होतं हे खरं. म्हणून डिस्कवरच्या फाइलमध्ये ‘पीएस-एक्स ईएक्सई’ अशी अक्षरं दाखवून विक्रेता डिस्क प्रोटोटाइपची असल्याचा दावा करतो. पण पहिल्या प्लेस्टेशनच्या कुठल्याही चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलची पहिली आठ अक्षरं हीच असतात. दुकानातल्या गेमची फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा, तिथेही तेच दिसेल.

निळं आणि हिरवं

आतून ही यंत्रं जवळजवळ साधीच. आर३०००ए प्रोसेसर ३३.८७ मेगाहर्ट्झचा, मुख्य मेमरी २ एमबी, व्हिडिओ मेमरी १ एमबी, आवाजासाठी ५१२ केबी. ‘डीबग आहे म्हणजे ८ एमबी’ असं कुणी सांगत असेल, तर तो एच२००० कार्डाचा आकडा निळ्या खोक्याला चिकटवतोय. डीबगिंग स्टेशनचा हेतूच असा की गेम ग्राहकाकडच्या २ एमबीत मावतो का ते कळावं.

फरक सीडी कंट्रोलरमध्ये आहे. कारखान्यात छापलेल्या प्लेस्टेशन डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ट्रॅक ठरावीक पद्धतीने किंचित डुलता ठेवलेला असतो आणि त्या डुलण्यात प्रदेशाची चार अक्षरं लपवलेली असतात: जपानला एससीईआय, अमेरिकेला एससीईए, युरोपला एससीईई. साध्या सीडी रायटरला हे डुलणं लिहिता येत नाही, म्हणून जाळलेली सीडी साधं यंत्र नाकारतं. डीबगिंग स्टेशन हे तपासायच्या भानगडीत पडत नाही. कुठल्याही देशाची डिस्क चालते, सीडी-आर म्हणजे घरी जाळलेली सीडीही चालते. फायदा हा एवढाच, पण त्या काळी स्टुडिओंना तो पुरेसा होता.

नवखा खरेदीदार फसतो तो नेमका इथेच. ‘सीडी-आर चालते, म्हणजे डीबग’ हा निष्कर्ष चूक आहे. आपल्याकडे मुंबईत हीरा पन्ना, लॅमिंग्टन रोड, दिल्लीत पालिका बाजार अशा ठिकाणी जी प्लेस्टेशनं विकली गेली, त्यातली कितीतरी मॉडचिप (डिस्कची तपासणी चुकवणारा चिप) बसवूनच दिलेली होती. आठ पायांचा छोटासा पीआयसी कंट्रोलर, त्याच्यापासून सीडी कंट्रोलरकडे गेलेल्या चारपाच बारीक तारा. तो चिप प्रदेशाची चार अक्षरं स्वतःच पुरवत बसतो. असं यंत्र निळं रंगवलं तर बाहेरून डीबगिंग स्टेशनसारखंच वागतं. विक्रेत्याने तीन देशांच्या डिस्क आणि एक सीडी-आर चालवून दाखवल्याचा व्हिडिओ पाठवला, तर यंत्र चालू आहे एवढंच त्यावरून कळतं.

खात्री करायचे मार्ग दोन. पहिला, झाकण उघडून बोर्डाचा वरून घेतलेला स्पष्ट फोटो मागायचा आणि सीडी कंट्रोलरच्या परिसरात नंतर लावलेला चिप, तारा, गरम गोंद, जळका फ्लक्स दिसतो का ते पाहायचं. कधीकधी चिप काढून टाकलेला असतो, पण सोल्डरचे चमकते ठिपके राहतात. ते बोर्डावरच्या जुन्या, मंद पडलेल्या सोल्डरशेजारी लगेच उठून दिसतात.

दुसरा मार्ग जास्त पक्का. सीडी कंट्रोलरला सरळ विचारायचं, तू कोण. चाचणीच्या आज्ञेचा नंबर हेक्समध्ये १९, उपआज्ञा २२. उत्तरात अक्षरं येतात. अमेरिकी साधं यंत्र ‘फॉर यू/सी’ म्हणतं, युरोपी ‘फॉर युरोप’, जपानी ‘फॉर जपान’. डीबगिंग स्टेशन ‘फॉर यूएस/एईपी’ म्हणतं. अमेरिकी यारोझे ‘फॉर एनईटीएनए’, युरोपी यारोझे ‘फॉर एनईटीईयू’. मॉडचिप बसवून हे उत्तर बदलत नाही, कारण ते कंट्रोलरच्या स्वतःच्या रॉममधून येतं. होमब्रूवाल्यांकडे, म्हणजे जुन्या यंत्रांसाठी हौसेने प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे, ही माहिती छापणारे छोटे प्रोग्राम आहेत. पीएसएनूबएसडीके हे त्यांचं प्रोग्रामिंग किट वापरून असा प्रोग्राम लिहिणंही एका बैठकीचं काम आहे. सीडी-आरवर जाळायचा, डीबगमध्ये घालायचा, पडद्यावर ओळ वाचायची. एक अपवाद लक्षात ठेवा: कंट्रोलरच्या सगळ्यात जुन्या, सी० आवृत्तीला ही उपआज्ञाच कळत नाही आणि ती एरर देते. सुरुवातीच्या जपानी यंत्रांत ही आवृत्ती असते. तिथे एररवरून खरंखोटं ठरवू नका, पहिल्या मार्गाकडे वळा.

आता रंग. डीबगिंग स्टेशनच्या कवचाचं प्लास्टिक मुळातच निळं किंवा हिरवं असतं. झाकण काढा आणि आतली बाजू पाहा: स्क्रू जिथे बसतात ते पोकळ खांब, हवेच्या फटींच्या आतल्या कडा, तळाच्या रबरी पायांखालची जागा. रंगवलेल्या कवचात यातल्या कुठल्या तरी ठिकाणी राखाडी प्लास्टिक डोकावतंच. स्प्रे मारणारा फटींच्या आत जात नाही आणि रबरी पाय काढायचे कष्टही घेत नाही. अलीकडे मात्र रंगीत प्लास्टिकची नवी कवचंसुद्धा विकत मिळतात. तिथे ही युक्ती चालत नाही आणि कंट्रोलरच्या उत्तरावरच भिस्त ठेवावी लागते. लेबलही पुन्हा छापता येतं. म्हणून लेबलावरचा व्होल्टेज आणि आतल्या पॉवर सप्लायवर छापलेला व्होल्टेज एकच आहे का, हे ताडून पाहा. अमेरिकी एच१००१ चं लेबल आणि आत युरोपी २२०-२४० व्होल्टचा सप्लाय असेल, तर निदान एक भाग तरी मूळचा नाही.

आणखी एक गैरसमज. पांढरं प्लेस्टेशन, एससीपीएच-५९०३, हे आशियात विकलेलं व्हिडिओ सीडी चालवणारं दुकानी मॉडेल आहे. त्याला स्वतःची किंमत आहे, पण ते डेव्हलपर यंत्र नाही. वेगळा रंग दिसला की डीबग, असा काही नियम नाही.

निळ्या-हिरव्यात फरक काय? हिरव्यात नंतरच्या आवृत्तीच्या चिप आहेत. जुना जीपीयू (चित्र काढणारा चिप) टेक्श्चरवर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रावर, छटा चढवताना छटेचा आकडा आधी रंगामागे पाच बिटांवर छाटतो आणि मग गुणाकार करतो. नवा जीपीयू पूर्ण आठ बिट वापरून गुणतो. परिणाम पडद्यावर दिसतो: जुन्यावर अंधारत जाणाऱ्या भिंती, बोगदे, धुकं यांच्यात पायऱ्या पायऱ्यांचे पट्टे पडतात, नव्यावर उतार बराच मऊ असतो. बाजारात दोन्ही तऱ्हेची यंत्रं ग्राहकांकडे होती, म्हणून गेम दोन्ही रंगांवर तपासावा लागे. आज घरी वापरायला दोन्हीपैकी एकच ठेवायचं असेल तर हिरवंच. चित्र चांगलं आणि बोर्डाचं वय थोडं कमी. संग्राहक मंडळींचं निळ्यावर जास्त प्रेम आहे, फोटोत ते दिसतंही छान. त्या प्रेमाचे जादा पैसे द्यायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

निळ्याचं खरं दुखणं लेझर. सुरुवातीच्या यंत्रांतलं केएसएम-४४०एएएम हे युनिट प्लास्टिकच्या रुळांवर सरकतं आणि बसतंही पॉवर सप्लायच्या शेजारी. उष्णतेने आणि घासण्याने रूळ झिजतो, लेझरचं डोकं किंचित कलतं, मग व्हिडिओ अडखळतो, गाणी तुटतात. त्या काळी लोक प्लेस्टेशन उलटं किंवा एका कडेवर उभं ठेवून खेळायचे ते यामुळेच. विक्रेत्याच्या व्हिडिओत यंत्र उलटं ठेवलेलं दिसलं तर रोग काय ते समजा आणि लेझरचा खर्च किमतीतून वजा करा. बदली युनिट घेताना मॉडेल नंबर जुळवून घ्या. ४४० मालिकेतली सगळी युनिटं एकमेकांच्या जागी सरळ बसत नाहीत.

या जुन्या बोर्डांवर लेझरसाठी फिरवता येणारे छोटे पोटेन्शिओमीटर असतात; नंतरच्या पीयू-१८ बोर्डापासून हे जुळवणं आपोआप होऊ लागलं. ‘डिस्क वाचत नाही म्हणून जरा फिरवून पाहिलं’ असं विक्रेता म्हणाला, तर जपून. हात लावण्याआधी प्रत्येकाची मूळ स्थिती पातळ मार्करने खूण करून ठेवायची, यंत्र बंद असताना मल्टीमीटरने मूल्य लिहून घ्यायचं आणि एका वेळी एकालाच हात लावायचा. कारखान्यातली स्थिती एकदा हरवली की ऑसिलोस्कोपशिवाय परत मिळवणं कठीण. बहुतेक वेळा दोष पोटेन्शिओमीटरचा नसतोच. झिजलेला रूळ नाहीतर भिंगावरची धूळ असते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी.

सीडी-आर जाळताना डिस्क चांगल्या कंपनीची घ्या आणि वेग रायटर देईल त्यातला कमीतला ठेवा. जुनं लेझर गडद रंगाच्या, कमी परावर्तन करणाऱ्या डिस्कवर रडतं. सीडी-आरडब्ल्यूच्या नादी लागू नका.

नेट यारोझे

हे मुळात हौशी लोकांसाठी सोनीने विकलेलं किट. जपानात १९९६ च्या जूनमध्ये आलं, युरोप-अमेरिकेत १९९७ मध्ये. किंमत जपानात १,२०,००० येन, अमेरिकेत ७५० डॉलर, ब्रिटनमध्ये ५५० पौंड. साध्या प्लेस्टेशनच्या कितीतरी पट, पण स्टुडिओच्या किटच्या मानाने किरकोळ.

पूर्ण संच म्हणजे काय ते नीट पाहून ठेवा, कारण पैसे संचाचे असतात: मॅट काळं यंत्र, दोन काळे साधे कंट्रोलर, अॅक्सेस कार्ड (डीटीएल-एच३०२०), पीसीला जोडायची सीरियल केबल (डीटीएल-एच३०५०), बूट डिस्क, पीसीवरच्या सॉफ्टवेअरची सीडी आणि मॅन्युअल. यातलं सर्वात जास्त हरवतं ते अॅक्सेस कार्ड. दिसायला काळ्या मेमरी कार्डासारखं, त्यामुळे मेमरी कार्डांच्या ढिगात गेलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. कार्ड आणि बूट डिस्क दोन्ही असल्याशिवाय पीसीवरून प्रोग्राम घेण्याच्या स्थितीत यंत्र जात नाही. नुसतं काळं यंत्र आणि एक पॅड एवढंच मिळत असेल, तर तुम्हाला मिळतंय कुठल्याही देशाच्या गेम चालवणारं प्लेस्टेशन. किंमत त्या हिशेबानेच द्या.

कंट्रोलरकडेही बघा. संचातल्या पॅडना अॅनालॉग दांड्या नाहीत. दांड्या असलेला काळा पॅड दाखवत असतील, तर तो नंतर कुठून तरी आणून ठेवलाय.

ओळखण्याची गंमत अशी की सीडी-आरची चाचणी इथे उलटी वाचायची. यारोझे प्रदेश पाहत नाही, जपानी, अमेरिकी, युरोपी सगळ्या छापील डिस्क घेतं. पण सीडी-आर ते नाकारतं. तेव्हा काळ्या यंत्राने जाळलेली सीडी बिनतक्रार चालवली, तर शक्यता दोनच: खऱ्या यारोझेत कुणीतरी मॉडचिप घातलाय, किंवा समोरचं यंत्र चिप घातलेलं साधं प्लेस्टेशन काळं रंगवून ठेवलंय. विक्रेते ‘सीडी-आर पण चालते’ हे वैशिष्ट्य म्हणून लिहितात. काळ्या यंत्राच्या बाबतीत ती कबुली समजायची.

वापरायला कसं? मेहनतीचं. अॅक्सेस कार्ड मेमरी कार्डाच्या पहिल्या खाचेत घालायचं, बूट डिस्क सुरू करायची, पीसीवर ‘सिओकॉन्स’ नावाचा डॉसवरचा प्रोग्राम चालवायचा आणि सीरियल केबलवरून फाइल पाठवायची. बूट डिस्क सोनीची लायब्ररी मेमरीच्या तळाला भरून ठेवते आणि तुमचा प्रोग्राम ८००९०००० या हेक्स पत्त्यापासून सुरू होतो. २ एमबीतले उरतात १५,०७,३२८ बाइट, त्यातूनच स्टॅकची जागाही जाते. प्रोग्राम, चित्रं, आवाज सगळं एवढ्यात. जाळलेली सीडी चालत नसल्यामुळे पुढची पातळी स्वतःच्या डिस्कवरून वाचून घेऊ, ही सोय नाही. केबलचा वेग जास्तीत जास्त १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ११,५२० बाइट. पूर्ण मेमरी भरायला दोन मिनिटांच्या वर लागतात, आणि पंधरा सेकंदांत यंत्र लटकलं की रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून.

आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो. यूएसबीवरून सीरियल देणारा अॅडॅप्टर लागतो, तोही खऱ्या आरएस-२३२ पातळीचा, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टच्या व्होल्टेजचा. आर्डुइनोसाठी मिळणारा ५ किंवा ३.३ व्होल्टचा बोर्ड या केबलला लावायचा नाही; व्होल्टेज जुळत नाही. फाइल अर्ध्यात अडकत असेल तर आधी वेग कमी करून पाहा, मग अॅडॅप्टर बदला.

खरं सांगायचं तर प्लेस्टेशनसाठी आज प्रोग्राम लिहायला यारोझेची गरज उरलेली नाही. मागे सीरियल पोर्ट असलेलं साधं राखाडी यंत्र, युनिरॉम (पीसीवरून प्रोग्राम घेणारं होमब्रू सॉफ्टवेअर) आणि पीएसएनूबएसडीके यांत तेच काम होतं, पूर्ण मेमरी वापरता येते आणि तुटलं तर हळहळ कमी. यारोझे घ्यायचं ते इतिहासासाठी. त्यात वाईट काहीच नाही, पण ‘शिकायला उपयोगी पडेल’ असं स्वतःला समजावून एवढे पैसे घालू नका.

पीसीत बसणारी एच२०००

खरं डेव्हलपमेंट किट हे. दोन पूर्ण लांबीची आयएसए कार्डं, एकमेकांना रिबन केबलने जोडलेली, आणि सोबत कंट्रोलर-मेमरी कार्डासाठी बाहेरचा डबा. मुख्य मेमरी ८ एमबी, म्हणजे डीबगरला ऐसपैस जागा. सीडीसाठी एच२०१० हा बाहेरचा काळा ड्राइव्ह, आणि सीडी न जाळता हार्ड डिस्कवरून डिस्कची नक्कल करायला एच२०२० हे वेगळं कार्ड.

बाजारात हे तुकड्यातुकड्यांत येतं. एकच कार्ड, रिबन नाही, डबा नाही. एक कार्ड म्हणजे भिंतीवर लावायची शोभा. रिबन नसलेली जोडी घ्यायची असेल, तर कनेक्टरच्या पिन मोजून, केबल किती लांब लागेल ते पाहून मगच बोला. पीसीचं कॅबिनेटही पाहा. पूर्ण लांबीचं कार्ड आत जायला ड्राइव्हच्या पिंजऱ्यापर्यंत मोकळी जागा लागते, आणि कित्येक बोर्डांवर प्रोसेसरचा पंखा किंवा मेमरीच्या पट्ट्या नेमक्या आडव्या येतात. डॉसवर आधी ‘डेक्सबायोस’ हा प्रोग्राम चढवावा लागतो, मग ‘रीसेटपीएस’. काहीच उत्तर येत नसेल तर पहिला संशय इंटरप्टच्या भांडणावर (दोन कार्डांनी पीसीची एकच संकेत-ओळ मागण्यावर) घ्यायचा: साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड काढा आणि नुसतं डिस्प्ले कार्ड ठेवून पाहा.

एच२०२० सोबत जुनी हार्ड डिस्क आली असेल तर ती लगेच किटला लावून वापरू नका. आधी तिची बिट-बिट प्रत काढा, आणि तीही शक्यतो पहिल्याच चालूत, कारण दुसरी संधी मिळेलच असं नाही. किटपेक्षा त्या डिस्कवरच्या अर्धवट गेमच्या बिल्डचं (मधल्या आवृत्तीचं) मोल कधीकधी जास्त असतं. कुणाचे पत्ते, ईमेल, पगाराच्या फाइल सापडल्या तर त्या तिथेच राहू द्या.

वीज, टीव्ही आणि आपलं घर

हा भाग वाचल्याशिवाय प्लग लावू नका. एच१००० आणि एच३००० ही जपानी, १०० व्होल्टची. एच१००१, एच१२०१ आणि एच३००१ अमेरिकी, १२० व्होल्टची. एच१००२, एच१२०२ आणि एच३००२ मात्र २२०-२४० व्होल्टची, आपल्याकडे सरळ चालणारी. घात असा की तिन्हीची मागची खाच आठच्या आकड्याची, एकच. घरातली टेपरेकॉर्डरची वायर अगदी चपखल बसते आणि १०० व्होल्टच्या यंत्रात २३० व्होल्ट जातात. २३० व्होल्टचा शिखर व्होल्टेज ३२५ च्या आसपास. सप्लायमधला पहिला मोठा कपॅसिटर त्यासाठी बनलेलाच नसतो. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर कपॅसिटर फुटून आतलं द्रव बोर्डावर.

स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, गुंडाळीचा, वजनदार. ५० व्हीएचा पुरतो. प्रवासासाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर केस वाळवायच्या यंत्रासाठी असतात, ते याला लावू नका. विकत घेताना पर्याय असेल तर शेवटी २ असलेलं मॉडेल घ्या, हा झगडाच मिटतो.

टीव्हीचं असं की ही यंत्रं डिस्कप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर जातात, पण कॉम्पोझिट केबलमधल्या रंगाच्या सिग्नलची वारंवारता तितकी निमूट बदलत नाही. अमेरिकी यंत्रावर युरोपी डिस्क लावली की चित्र काळंपांढरं, यंत्र बिघडलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आरजीबी केबल आणि चांगला एचडीएमआय स्केलर लावला की रंग येतात. स्वस्त कन्व्हर्टर २४०पीचा (जुन्या यंत्रांचा २४० ओळींचा) सिग्नल चुकीचा समजून हलणाऱ्या वस्तूंना दातेरी कडा देतात, ते टाळा.

एका बाबतीत ही जुनी यंत्रं आजच्यापेक्षा बरी. प्लेस्टेशन ४ च्या टेस्ट किटचं अॅक्टिव्हेशन मुदतीचं असतं, मुदत संपली की ते नव्याने करून घ्यावं लागतं आणि ते बाहेरच्या माणसाच्या हातात नाही. शिवाय अशी किट बहुधा कंपनीच्याच मालकीची राहतात. पहिल्या प्लेस्टेशनच्या यंत्रांना सर्व्हर माहीतच नाही. वीज मिळाली की चालतात.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याकडून मागायचं ते असं: तळाचं लेबल वाचता येईल असा फोटो, झाकण काढून वरून घेतलेला बोर्डाचा फोटो, कवचाच्या आतल्या बाजूचा फोटो, पॉवर सप्लायवरच्या छापील व्होल्टेजचा फोटो, आणि न कापलेला व्हिडिओ, ज्यात लेबल दाखवून यंत्र सरळ ठेवलं जातं, चालू होतं आणि एक गेम निदान पाचसात मिनिटं चालतो. लेझरचा दोष पहिल्या मिनिटात दिसत नाही, यंत्र तापल्यावर दिसतो. ‘सील तोडलं तर किंमत उतरेल’ म्हणून उघडायला नकार मिळाला तर त्यांचं म्हणणं मान्य करा आणि तुमची बोलीही त्या हिशेबाने उतरवा.

हेच तंत्र इतर कंपन्यांच्या यंत्रांनाही लागू पडतं, फक्त पाहायची जागा बदलते. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सच्या डेव्हलपर यंत्रात १२८ एमबी मेमरी असते, दुकानातल्यात ६४. पण जुन्या दुकानी बोर्डांवर जादा मेमरीच्या मोकळ्या जागा आहेत आणि कित्येकांनी त्या भरून १२८ एमबी करून घेतलंय. तिथे पडद्यावरचा आकडा पाहून भुलू नका, मेमरी चिपच्या पायांचं सोल्डर पाहा.

आमचे गुण: हिरव्याला पाचपैकी साडेचार, निळ्याला साडेतीन, पूर्ण यारोझेला चार, अॅक्सेस कार्डाशिवायच्या यारोझेला दोन. एच२००० ला गुण देत नाही. ज्याला ते हवंय तो गुण पाहून घेत नाही.

पार्सल मागवताना विक्रेत्याला सांगा की डिस्क आत ठेवू नका, प्रवासात ती फिरकीवरून सुटून भिंगावर आपटते. कार्डं अँटिस्टॅटिक पिशवीत, मध्ये पुठ्ठा घालून. कस्टम्सच्या कागदावर खरी किंमत आणि ‘जुनं गेम कन्सोल’ एवढंच लिहायला सांगा. ‘प्रोटोटाइप’ शब्द तिथे लिहिला की नसती चौकशी मागे लागते.